अरण्य नसलेली अभयारण्ये

'अभयारण्य' हा शब्द आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्यातील दोन पदांकडे आपले लक्षच जात नाही. जेथे भय नाही असे अरण्य ते अभयारण्य. आता अरण्य म्हटले की ताडोबा-मेळघाट पाहिलेल्या, किंवा निदान त्यांची छायाचित्रे पाहिलेल्या, मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे साग, बांबू, दाट सावली आणि त्या सावलीत कोठेतरी दबा धरून बसलेला वाघ येतो. राजस्थानात अरवलीच्या पश्चिमेस, थरच्या वाळवंटात, जी संरक्षित क्षेत्रे आहेत तेथे यांपैकी काहीही नाही. तेथे गवत आहे, खडक आहेत, मैलोगणिक एखादे झाड आहे आणि शेळ्या-मेंढ्या आहेत. वाघ तर नाहीच. मग तेथे पाहावयाचे काय, आणि अभय द्यावयाचे ते कोणाला, असा प्रश्न कोणासही पडावा. गेल्या जानेवारीत दहा दिवस त्या प्रदेशात हिंडताना हाच प्रश्न मनाशी धरून मी जे पाहिले व वाचले, ते येथे मांडत आहे.

प्रथम प्रदेशाविषयी थोडेसे. मारवाड, बिकानेर आणि जैसलमेर ही तीन जुनी राज्ये म्हणजे स्थूलमानाने हा प्रदेश. जैसलमेर शहराची स्थापना रावळ जैसलने ११५६ मध्ये केली. सिंधकडे जाणाऱ्या व्यापारी तांड्यांच्या वाटेवर ते वसले व भरभराटले. येथे वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. एवढा पाऊस मुंबईत एखाद्या दिवसात पडून जातो. म्हणून पाणी साठविण्याच्या युक्त्या येथील माणसाने शतकानुशतके घासून-पुसून ठेवल्या. टांका, नाडी, बेरी, खडीन असे कितीतरी शब्द त्यासाठी आहेत. खडीन म्हणजे खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी बांध घालून अडवावयाचे आणि ते जमिनीत मुरल्यावर त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यावयाचा. ही विद्या पालीवाल ब्राह्मणांनी येथे वाढीस नेली. वाळवंट म्हणजे ओसाडी, हा समज हे सारे पाहिल्यावर टिकत नाही. किंबहुना थर हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे, आणि येथील वन्यजीवांचा विचार माणसाला वगळून करताच येत नाही.

आमची पहिली भेट ताल छापर येथे होती. चुरू जिल्ह्यात, सुजानगडपासून जवळ, बशीसारखे सपाट असे हे मैदान आहे. क्षेत्रफळ अवघे ७१९ हेक्टर. एके काळी हे बिकानेरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान होते. १९६६ मध्ये अभयारण्य झाले. येथे काळवीट आहेत, आणि ते शोधावे लागत नाहीत. फाटकातून आत गेलो तोच डाव्या हाताला शे-दीडशेचा कळप. काळी-पांढरी, पिळदार शिंगांची नरमंडळी मान मागे टाकून ऐटीत चालत होती आणि माद्यांना त्याचे काही विशेष वाटत नसावे. येथील 'मोथिया' नावाचे गवत म्हणजे आपल्याकडील लव्हाळ्याचाच प्रकार. त्याचे बी मोत्यासारखे गोल असते, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आसपासच्या जमिनीत क्षार फार, मिठागरेही आहेत. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी संध्याकाळी या गवतात मुक्कामाला उतरतात. सूर्य मावळता मावळता एकामागून एक ते गवतावरून अगदी खालून तरंगत येत होते आणि दिसेनासे होत होते.

आता ताल छापरचे गणित पाहा. सात चौरस किलोमीटर जागा, आणि त्यात हजारोंच्या संख्येने काळवीट. साहजिकच ते बाहेर पडतात, शेतात जातात, रस्ते ओलांडतात. आणि तरी ते टिकून आहेत, कारण कुंपणाबाहेरच्या माणसाने त्यांना सोसले आहे. म्हणजे अभयारण्याची खरी हद्द सरकारी नकाशावर नाही, ती आसपासच्या गावांच्या सहनशीलतेपर्यंत पसरलेली आहे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

बिकानेरजवळ गजनेरचे सरोवर आहे. महाराजा गंगासिंह यांच्या काळात येथील पखुर्डीच्या शिकारीच्या मेजवान्या प्रसिद्ध होत्या. व्हाइसरॉय आणि इतर बडे पाहुणे नाताळच्या सुमारास त्यासाठी येत. ज्या राजाने बंदुकीच्या हौसेपोटी रान राखले त्याच राजाने १९२७ मध्ये सतलजचे पाणी कालव्याने आपल्या राज्यात आणले, हेही सांगितले पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थोडे थबकावे लागते. राजेलोकांनी मारण्यासाठी राखले म्हणून रान वाचले, असे आपल्या देशात बऱ्याच ठिकाणी घडले आहे, आणि ते मान्य करण्यात अवघडण्यासारखे काही नाही. पण थरमध्ये केवळ तेवढेच घडले असे म्हणणे अपुरे ठरेल.

बिकानेरपासून जवळच जोडबीड नावाची जागा आहे. 'बीड' म्हणजे राखीव कुरण. येथे मेलेले उंट आणि गुरे आणून टाकतात, आणि हिवाळ्यात गिधाडे व गरुड हजारोंनी जमतात. वास असा की आमच्यापैकी निम्मे जण गाडीतून उतरलेच नाहीत! पण ज्यांनी नाकाला रुमाल लावून पाहिले त्यांना, आपल्या गावच्या आकाशातून गिधाडे कधी नाहीशी झाली हे कोणालाही नीटसे आठवत नाही, याची जाणीव झाली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांचा संहार झाला. गुरांसाठी त्याचा वापर करण्यावर भारतात २००६ मध्ये बंदी आली.

यानंतर खीचन. फलोदीजवळचे हे खेडे नकाशावर अभयारण्य म्हणून दाखविलेले नाही; आणि माझ्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर मला येथे मिळाले. कांड्या करकोचा, ज्याला मारवाडीत 'कुरजां' म्हणतात, तो मंगोलिया व मध्य आशियातून हिमालय ओलांडून येथे येतो. ऑगस्टच्या अखेरीपासून थवे उतरू लागतात आणि मार्चपर्यंत राहतात. ऐन हिवाळ्यात त्यांची संख्या वीस हजारांच्याही वर जाते. गावातील जैन कुटुंबांनी त्यांना दाणे घालण्याची प्रथा सुरू केली व ती वाढविली. गावाच्या कडेला कुंपण घातलेले 'चुग्गाघर' आहे. तेथे रात्रीच ज्वारी पसरून ठेवतात. सकाळी उजाडल्याबरोबर पक्षी आधी वर घिरट्या घालतात, मग एक उतरतो, मग दहा, मग सारे आकाशच खाली आल्यासारखे होते. तो आवाज लिहून दाखविता येणार नाही. मारवाडी लोकगीतांत परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप पोहोचविण्यासाठी बाई कुरजांचीच विनवणी करते, त्यामागचे कारण मला त्या सकाळी कळले. २०२५ च्या जूनमध्ये खीचनला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी फलोदीला मुक्काम करून सूर्योदयापूर्वी पोहोचावे.

पक्ष्यांना असे दाणे घालणे योग्य की अयोग्य, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद होऊ शकतात. इतके पक्षी एका जागी जमले तर रोगाची साथ पसरण्याचे भय असते, हे खरेच आहे. माझे मत विचाराल तर मी गावकऱ्यांच्या बाजूचा आहे. पण हे मत आहे, सिद्धान्त नव्हे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे जैसलमेरच्या राष्ट्रीय मरू उद्यानाकडे येतो. १९८० मध्ये घोषित झालेले हे क्षेत्र ३,१६२ चौरस किलोमीटर, म्हणजे ताल छापरच्या सुमारे ४४० पट आहे. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत ते पसरले आहे. नावात 'राष्ट्रीय उद्यान' असले तरी कायद्याने ते अभयारण्यच आहे, कारण राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना कधी निघालीच नाही. हा भेद केवळ कागदी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. अभयारण्यात परवानगीने चारता येतात. आणि या क्षेत्रात सत्तरहून अधिक गावे आहेत. त्यांची गुरे याच गवतावर जगतात. रस्ता, वीज, पाण्याची नळवाहिनी यांसारख्या गोष्टी या गावांना सहजी मिळत नाहीत, कारण प्रत्येकीला परवानगी लागते. आमच्या जीपचा चालक याच क्षेत्रातला. तो म्हणाला, "गोडावणाला आमचे वडील-आजोबा ओळखत होते, तेव्हा हे खाते नव्हते. आता गोडावणाचे नाव काढले की आमच्या गावात लोक तोंड फिरवतात." हे वाक्य ऐकून मी वहीत लिहून घेतले.

'गोडावण' म्हणजे आपला माळढोक. जैसलमेरपासून सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत. तेथे पर्यटकांची जत्रा, उंटसवारी आणि रात्री ध्वनिवर्धकावर नाचगाणी असतात. बहुतेक मंडळी तेवढेच पाहून वाळवंट पाहिले म्हणतात. वास्तविक या उद्यानाचा जेमतेम पाचवा हिस्साच अशा वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला आहे. बाकी सारे खडकाळ पठार, खारवट सखल जागा आणि सेवण गवताची राने. समच्याही पुढे सुदासरी येथे वनखात्याने कुंपण घालून राखलेले सेवणाचे रान आहे. जैसलमेरच्या वनकार्यालयातून परवानगी घेऊन तेथे जाता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सेवण हे गवत बहुवर्षायू आहे. खोल मुळांनी वाळू बांधून ठेवते, आणि दोन पावसांतही तगते. थारपारकर जातीची प्रसिद्ध दुभती गाय याच गवतावर पोसली गेली.

सुदासरीला पहिल्या दिवशी चिंकारे दिसले, एक वाळवंटी खोकड दिसले, आणि बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला सांडा दिसला. चिंकारा पाण्यावाचून दीर्घकाळ राहू शकतो. लागणारी ओल तो झाडपाल्यातून आणि दंवातून मिळवितो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास दुर्बिणीतून दोन माळढोक माद्या दिसल्या. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पाठ. गवतातून सावकाश पावले टाकीत, मधूनच थांबत, दोघी चालल्या होत्या. नर याहून पुष्कळ मोठा असतो. उंची मीटरभर आणि वजन १५ किलोपर्यंत. उडू शकणाऱ्या जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, आणि मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. घरटे नाही, आडोसा नाही. एक अंडे, आणि सुमारे चार आठवडे ते उबविणे. एवढ्या काळात कुत्रे, कोल्हे, कावळे, कोणाचेही पाऊल तेथे पडले की वर्ष वाया जाते.

या पक्ष्याचे राजकारण मोठे मनोरंजक आहे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा आग्रह होता की राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. पुढे १९७८-७९ च्या हिवाळ्यात अरब देशांतील पाहुण्यांचा ससाण्यांसह लवाजमा तिलोर पक्ष्याच्या शिकारीसाठी जैसलमेरला येऊन ठेपला. तिलोर हा माळढोकाच्याच कुळातला. त्याविरुद्ध राजस्थानात मोठा गहजब झाला व ती शिकार थांबली. १९८० मध्ये जयपूरला माळढोकवर्गीय पक्ष्यांवर आंतरराष्ट्रीय चर्चासत्र भरले, त्याच वर्षी मरू उद्यान झाले आणि १९८१ मध्ये गोडावण राजस्थानचा राज्यपक्षी झाला. म्हणजे लोकांच्या हाकाटीतून एक उद्यान जन्मास आले! १९६९ च्या सुमारास देशभरात या पक्ष्यांची संख्या १,२६० असल्याचा अंदाज होता. आज ती दीडशेच्या आत आहे, आणि त्यातील बहुतेक सारे पक्षी जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

शिकार थांबली, उद्यान झाले, मग पक्षी का घटला? माझ्या मते या साऱ्या अभ्यासाचा गाभा येथे आहे. गवताळ रानाला आपण रान मानीतच नाही. सरकारी दप्तरात अशी जमीन पुष्कळदा 'पडीक' म्हणून नोंदली जाते. आणि पडीक म्हटले की ती सुधारावयाची, हे ओघानेच आले. सुधारणा तीन प्रकारे झाली. पहिली झाडांची. वाळू थोपविण्यासाठी संस्थानी काळापासून येथे मेक्सिकोकडील विलायती बाभूळ मुद्दाम पेरली गेली. आपण तिला वेडी बाभूळ म्हणतो आणि ती खरोखरच वेड्यासारखी पसरते. गवत मागे हटते, आणि मोकळ्या रानात दूरवर पाहून जगणाऱ्या प्राण्यांना झुडपांत काही सुचत नाही. दुसरी सुधारणा पाण्याची. १९५८ मध्ये काम सुरू झालेला राजस्थान कालवा, ज्याला १९८४ पासून इंदिरा गांधी कालवा म्हणतात, तो पंजाबातील हरिके येथून निघून साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास वाहत जैसलमेरच्या रानात पोहोचला. त्याने हजारो कुटुंबांना शेती दिली, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु सेवणाची विस्तीर्ण राने नांगराखाली गेली, आणि शेतीबरोबर कीटकनाशके आली.

तिसरी सुधारणा विजेची, आणि तीच सर्वांत घातक ठरली. थरमध्ये ऊन भरपूर, वारा भरपूर. पवनचक्क्या व सौरपट्ट्या उभ्या राहिल्या, आणि ती वीज बाहेर नेणाऱ्या उच्चदाबाच्या तारा आकाशभर पसरल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. चहूंकडचा शत्रू दिसावा म्हणून निसर्गाने ते तसे दिले. समोरचे मात्र त्याला कमी दिसते. तार दिसेपर्यंत ती जवळ आलेली असते, आणि एवढे वजनदार शरीर ऐन वेळी वळविता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थरमधील सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात अशा तारांमुळे वर्षाला अंदाजे ८४,००० पक्षी मरतात. त्यांत माळढोकाचा वाटा थोडाच. पण दीडशेतून थोडे गेले तर उरते काय? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण प्रदूषण न करणारी वीजही देशाला हवी आहे. येथे खलनायक कोणी नाही, हीच या प्रकरणातील अडचण आहे.

येथेच मला 'ओरण' या शब्दाकडे वळावयाचे आहे. गावच्या देवतेच्या नावाने राखून ठेवलेल्या रानाला राजस्थानात ओरण म्हणतात. आपल्याकडील देवराईचा हा सख्खा भाऊ, आणि शब्द 'अरण्य'पासूनच आला असे मानतात. म्हणजे सुरुवातीस मी म्हटले की येथे अरण्य नाही, ते केवळ आपल्या अर्थाने. ओरणात गुरे चरतात, पण कुऱ्हाड चालत नाही. पडलेले लाकूडही घरी नेत नाहीत. अशा अनेक ओरणांची नोंद महसूल दप्तरी नाही, आणि म्हणून तीही 'पडीक'. जैसलमेरकडील देगराय मातेच्या ओरणासाठी गावकरी आज झगडत आहेत, ते तारा आणि सौरपट्ट्या यांपासून ते वाचविण्यासाठी.

कुऱ्हाड न चालू देण्याची किंमत या प्रदेशाने एकदा मोजलेली आहे. जोधपूरच्या आग्नेयेस सुमारे २५ किलोमीटरवर खेजडली गाव आहे. १७३० मध्ये नव्या महालासाठी चुना भाजावयाचा होता. त्याला सरपण हवे म्हणून जोधपूर दरबारची माणसे येथील खेजडीची झाडे तोडावयास आली. अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारली व तिचे शिर तुटले. तिच्या मागोमाग तिच्या तीन मुली, आणि मग एकूण ३६३ माणसे. त्या वेळच्या महाराजांचे नाव, योगायोग पाहा, अभयसिंह. दर वर्षी भाद्रपद शुद्ध दशमीला येथे मेळा भरतो. बिश्नोई हा पंथ गुरू जांभेश्वर यांनी १४८५ मध्ये स्थापिला. बीस आणि नऊ मिळून एकोणतीस नियमांवरून हे नाव. त्यांत हिरवे झाड न तोडणे व जीवदया हे दोन नियम आहेत. खेजडी म्हणजे कोणते झाड हे कळल्यावर मी चकितच झालो. ती आपली शमी! पांडवांनी शस्त्रे लपविली ती, दसऱ्याला आपण पुजतो ती. तिच्या शेंगांची सांगरीची भाजी होते, पाला गुरांना होतो, आणि तिच्या सावलीत बाजरी मरत नाही, उलट चांगली येते. १९८३ पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. आम्ही गेलो त्या दिवशी गावाबाहेरच्या शेतात एक चिंकारा आणि एक बाई पंधरा-वीस पावलांच्या अंतराने आपापले काम करीत होती.

हे सारे सोलापूरच्या वाचकास परके वाटू नये. नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, मरू उद्यानाच्या अडीचपटीहून अधिक. गावे, शेते, बाजारपेठा सारेच त्यात आले, आणि जमिनीचे व्यवहार अडल्यामुळे लोक कातावले. पुढे ते क्षेत्र कमी करून बाराशे चौरस किलोमीटरांच्या आसपास आणले. आज त्या माळावर एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. हद्द मोठी आखल्याने पक्षी वाचत नाही आणि हद्द कमी केल्याने माणूसही लगेच मित्र होत नाही, हे आपण येथे अनुभवले आहे.

जैसलमेरला सध्या निराळा प्रयत्न चालू आहे. २०१९ पासून रानातील अंडी उचलून सम येथील केंद्रात ती यंत्रात उबविण्यास आरंभ झाला. रामदेवरा येथेही दुसरे केंद्र उभे राहिले. अशा रीतीने वाढलेल्या पक्ष्यांनी स्वतः घातलेल्या अंड्यांतून २०२३ मध्ये पिल्ले बाहेर आली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. ही पिल्ले माणसाच्या हातून खातात, माणसाला भीत नाहीत. त्यांच्या वंशजांना केव्हातरी मोकळे सोडावयाचे आहे, आणि त्यासाठी सेवणाचे मोठे, तारा नसलेले, कुत्री नसलेले रान हवे आहे. परतीच्या वाटेवर चालकाने आपल्या गावचे ओरण आम्हाला दाखविले. गवत गुडघ्याइतके होते. पलीकडच्या कडेला विजेच्या मनोऱ्यांसाठी चार खड्डे खणून ठेवलेले होते, आणि गावाने त्याविरुद्ध अर्ज केला आहे, असे तो म्हणाला.